निमंत्रक आणि त्यांचा मोबाईल नंबर

गुरुजी दुकानात आले तेव्हा मी एका बारशाच्या कार्डाचं प्रूफ तपासत होतो. २०२५चा फेब्रुवारी, लग्नसराई भरात. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न होऊन चार दिवस झाले होते, मला वाटलं राहिलेलं बिल द्यायला आले असतील. बाकड्यावर बसायच्या आधीच त्यांनी मोबाईल पुढे केला.

"हे तुम्ही लावलंय का?"

स्क्रीनवर त्यांच्याच मुलीची पत्रिका. आमच्या प्रेसच्या सोशल मीडियावरच्या पानावर, मीच टाकलेली. खाली 'आकर्षक लग्नपत्रिका वाजवी दरात' ही ओळ आणि दुकानाचा नंबर. मी हसून म्हणालो, "हो, डिझाईन झकास उतरलं होतं ना." गुरुजी हसले नाहीत.

झालं होतं असं. लग्नाच्या आदल्या दिवशी, ऐन हळदीच्या गोंधळात, मुलीच्या मामांना एक फोन आला. "मामा, केटरिंगवाला बोलतोय. गुरुजींनीच तुमचा नंबर दिला, ते हळदीत आहेत, फोन उचलेनात. गॅसवाला आणि भाजीवाला पैसे हातात पडल्याशिवाय माल सोडत नाहीत. उद्या बारा पस्तीसचा मुहूर्त, एवढी पंगत बसायची, तुम्हीच बघा आता." मामांनी बघितलं. आधी दहा हजार, मग 'अजून थोडे कमी पडतात' म्हणून साडेआठ हजार. रात्री जेवताना त्यांनी गुरुजींना ऐटीत सांगितलं, "केटरिंगचं मी मिटवलंय, तुम्ही डोक्याला ताप घेऊ नका." गुरुजींचा केटरिंगवाला त्यांचा जुना विद्यार्थी. त्याने लग्न उरकेपर्यंत एक पैसाही मागितला नव्हता.

फोन करणाऱ्याला कार्यालयाचं नाव माहीत होतं, मुहूर्त माहीत होता, वधूपित्याला सगळे गुरुजी म्हणतात हेही माहीत होतं, आणि मोठे मामा कोण, हेही. मामांच्या मुलाने तेवढ्यात शहाणपणा केला. १९३० या सायबर हेल्पलाईनला रात्रीच फोन लावला, दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी क्रमांक दिले. दहा हजार तोवर पुढच्या खात्यांमधून पसार झाले होते. साडेआठ हजार एका खात्यात अडकवता आले. ते मामांच्या हातात पडायला ऑगस्ट उजाडला, कारण गोठवलेली रक्कम सोडवायला कोर्टाचा आदेश लागला.

मी बचावाचा एक प्रयत्न केला, तो लिहायला आज लाज वाटते. म्हणालो, "पण गुरुजी, पत्रिका तर तुम्ही स्वतः शंभर ग्रुपवर पाठवली असेल की."

"पाठवली ना. मी पाठवली. ही तुम्ही लावलीत. मला विचारलं होतंत?"

चोराने ती पत्रिका आमच्याच पानावरून उचलली का, हे कधी कळणार नाही. कुठल्या तरी ग्रुपमधूनही गेली असेल. पण गुरुजींच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा न घेता ते गेले. बिल मात्र देऊन गेले.

आमची प्रेस बार्शीत, वडिलांपासूनची. ते पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर छापायचे, मी लहानपणी खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठसे, वेगळे करून त्यांच्या खणांमध्ये परत टाकायचो. मग स्क्रीन प्रिंटिंग आलं, ऑफसेट आलं, संगणकावर डिझाईनसाठी कोरलड्रॉ आणि मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी आलं, फ्लेक्स आलं. नमुन्यांचा अल्बम मात्र तेव्हापासून काउंटरवर आहे. छापलेल्या प्रत्येक पत्रिकेची एक प्रत त्यात चिकटवायची, हा वडिलांचा शिरस्ता. गिऱ्हाईक अल्बम चाळताना हमखास विचारतं, "ही कोणाची? अमक्यांच्या धाकटीची का? बरं झालं म्हणायचं जमलं तिचं." डिझाईन बघायला आलेली बाई अर्धा तास सोयरीक बघत बसते.

२०१६ साली दुकानाचं पान काढलं तेव्हा मी तोच अल्बम मोबाईलवर नेला, एवढंच माझ्या डोक्यात होतं. (ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यावर गल्लीतल्या सलूनचंही पान असतं, तेच.) फरक मला त्या रात्री कळला. काउंटरवरचा अल्बम बघायला माणसाला बार्शीत यावं लागतं, माझ्यासमोर बसावं लागतं. त्याचं तोंड मला दिसतं.

पुण्याच्या लेकीला फोन लावला. ती संगणकातलीच. तिने आधी पंधरा मिनिटं माझी हजेरी घेतली, मग म्हणाली, "बाबा, एकेक फोटो शोधत बसू नका. आधी तुमच्या पानाची आणि तुमच्या स्वतःच्या खात्याची पूर्ण प्रत मागवा. तिथे काय काय साठलंय ते तरी बघा."

अशी प्रत मागता येते हे मला माहीतच नव्हतं. सेटिंग्जमध्ये खोलवर 'तुमची माहिती डाउनलोड करा' असं असतं. काय हवं ते निवडायचं, कुठल्या तारखेपासून ते निवडायचं, कुठल्या स्वरूपात ते निवडायचं. इथे मी पहिली माती खाल्ली. जेसॉन की एचटीएमएल असं विचारलं, मी वरचं दाबलं. दुसऱ्या दिवशी फाईल तयार असल्याचा निरोप आला, झिप उघडली, तर सगळ्या मराठीचा चिवडा. श्रीलिपीतला मजकूर भलत्याच फॉन्टमध्ये उघडल्यावर दिसतो तसा. लेक हसली. पुन्हा अर्ज, पुन्हा एक दिवस वाट. एचटीएमएलमध्ये सगळं नीट वाचता आलं. तुम्ही कधी मागवलीत तर हे लक्षात ठेवा, आणि दिलेली लिंक काही दिवसांनी मरते, तेवढ्यात उतरवून घ्या.

पानावर एकूण १,१४० चित्रं निघाली. रात्री दुकान बंद केल्यावर मी आणि आमचा डीटीपी करणारा पोरगा वही घेऊन बसलो. पहिल्या रात्री नुसती एकच पत्रिका मोजली, गुरुजींची. वर कुलदैवत, मग चि. आणि चि. सौ. कां., दोन्हीकडचे आजी-आजोबा, कै. असतील तर कै., काका, आत्या, मामा, मावश्या, मग 'आपले विनम्र', 'निमंत्रक', 'व्यवस्थापक', तळाशी 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी किलबिल. ६३ नावं, ९ मोबाईल नंबर, चार गावं, एक कार्यालय, एक तारीख, एक वेळ. त्या वेळेला ती सगळी घरं रिकामी असणार हेही त्यातच आलं.

पोरगा म्हणाला, "मालक, मामाचं आडनाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव की. परवा बँकेने फोनवर मला तेच विचारलं, ओळख पटवायला."

मी सत्तावीस वर्षं पत्रिका छापतोय. मामाचं नाव कुठल्या ओळीत घ्यायचं यावरून झालेली भांडणं मिटवलीत. हे कधी सुचलं नव्हतं.

लेकीने त्या सुमारास एक गोष्ट सांगितली, ती डोक्यात बसून राहिली. २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका या ब्रिटिश कंपनीचं प्रकरण गाजलं होतं, फेसबुकवरच्या लोकांची माहिती एका प्रश्नमंजुषेच्या ॲपमधून तिच्या हाती गेली होती. त्यात फेसबुकने आपल्या सरकारला दिलेला हिशोब असा होता की भारतात ते ॲप ३३५ जणांनी घेतलं. आणि त्यांच्यामुळे ज्यांची माहिती बाहेर गेली असू शकते, असे लोक ५ लाख ६२ हजारांच्या वर. उरलेल्यांनी काही दाबलं नव्हतं, कशाला 'हो' म्हटलं नव्हतं. त्यांचा कोणीतरी मित्र त्या ३३५ मध्ये होता, इतकंच. मी वहीतल्या ६३ आकड्याकडे बघितलं. पत्रिकेची ऑर्डर एका माणसाने दिली होती. उरलेल्या बासष्टांना कोणी विचारलं होतं?

पत्रिका तरी बऱ्या, असं म्हणायची वेळ बायोडाटा बघितल्यावर आली. आम्ही लग्नाचे बायोडाटा करून देतो, शंभर-दीडशे रुपये घेतो. त्याचेही नमुने पानावर. एक्केचाळीस निघाले, त्यातले सव्वीस मुलींचे. फोटो, जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मठिकाण, रास, नक्षत्र, रक्तगट, उंची, शिक्षण, कंपनी, पगार, वडिलांची शेती किती एकर आणि बागायत की जिरायत, मामाचे कूळ, आणि शेवटी संपर्क. मी टाकताना काय बघायचो, तर चौकटीची वेलबुट्टी. सोनेरी रंग मोबाईलवर पिवळट दिसतो का, हे बघायचो. पोरीचा फोटो आणि नंबर एकाच चित्रात आहे, हे डोळ्यांसमोर असून दिसत नव्हतं.

ते एक्केचाळीस त्याच रात्री काढले. तेव्हा कळलं की काढलेलं लगेच जात नाही, कचरापेटीत तीस दिवस पडून राहतं, तिथूनही वेगळं पुसावं लागतं.

माझ्या स्वतःच्या खात्याच्या फाईलीत वेगळीच करमणूक निघाली. कधीतरी ॲप घालताना 'तुमचे मित्र शोधा' याला मी 'पुढे चला' म्हटलं असणार. त्यामुळे माझं अख्खं फोनबुक तिकडे चढलेलं. मी गिऱ्हाइकांचे नंबर नावाने ठेवत नाही, खुणेने ठेवतो. ते सगळं जसंच्या तसं: 'बारसं कार्ड बाकी ६००', 'उधारी २३०० उचलत नाही', 'फ्लेक्स तात्या दुसरा नंबर', 'चिकट गिऱ्हाईक'. त्या उधारीवाल्याचा नंबर कुठल्या परदेशी संगणकात या नावाने पडून असेल, या विचाराने मला हसूही आलं आणि कानकोंडंही झालं. आपल्याला वाटतं आपण आपली माहिती देतो. मी चौदाशे लोकांची देऊन बसलो होतो, शेऱ्यासकट. चढवलेले संपर्क पुसायची सोय आहे. पुसले, आणि फोनच्या परवानग्यांमध्ये जाऊन संपर्कांची परवानगीही काढली, नाहीतर ते पुन्हा चढतात.

माझ्या आवडीनिवडींची एक यादीही होती, जाहिरातवाल्यांसाठी केलेली. 'विवाह' होतं, ते समजलं. 'लहान बाळांची उत्पादने' होतं. पंचावन्नाव्या वर्षी! बारशाच्या कार्डांसाठी मी पाळण्यांची चित्रं शोधत असतो, त्याचा हा प्रसाद.

आता जे सांगायचं आहे ते पानाच्या निरोपांमधलं.

निरोपांचा एक कप्पा असा निघाला जो मी कधी उघडलाच नव्हता. ॲप स्वतःच काही निरोप बाजूला टाकतं, त्याची घंटीही वाजत नाही. त्यात बहुतेक कचरा होता, लॉटरी आणि कर्जं. मधेच एका बाईचे तीन निरोप. पहिला २०२२चा: 'नमस्कार, तुमच्या पानावर २०१९ची एक पत्रिका आहे, ती काढाल का?' सोबत चित्र. तीन महिन्यांनी दुसरा: 'कृपया काढा. नाव शोधलं की तीच पहिली येते.' आणखी पाच महिन्यांनी तिसरा. त्यात फक्त, 'दादा, प्लीज.'

ती पत्रिका मला आठवत होती. मोराची होती, आमचं गाजलेलं डिझाईन, त्यावर पुढे दहा-बारा ऑर्डरी मिळाल्या. लग्न वर्षभरात मोडलं होतं, हे नंतर गावातून कानावर आलेलंही. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या आणि त्या मी कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. मोर पानावर सगळ्यात वर पिन करून ठेवला होता मी. सहा वर्षं.

पोरगा घरी गेला होता. मी ती काढली, कचरापेटीतून पुसली, मग गूगलवर त्या मुलीचं नाव मीच शोधलं. अजून दिसत होती. पानावरून गेली तरी गूगलकडे तिची सावली उरते. तिथे 'जुनी झालेली माहिती काढा' असा एक अर्ज असतो, तो लेकीला फोनवर घेऊन भरला. रात्रीचे साडेबारा झाले होते. चार दिवसांनी सावलीही गेली.

उत्तर काय लिहावं हे सुचेना. लांबलचक माफी लिहिली, खोडली. एवढ्या वर्षांनी तिच्या फोनवर माझा निरोप झळकणंच तिला नको असेल, असंही वाटलं. शेवटी लिहिलं, 'काढली आहे. गूगलवरूनही गेली. उशीर झाला, माफ करा.' वाचल्याची खूण दुसऱ्या दिवशी दिसली. उत्तर आलं नाही, आणि यायला हवं होतं असं मला वाटत नाही.

बाकीच्या पत्रिका काढायला अकरा रात्री लागल्या. आपल्या खाजगी खात्यावर जुन्या सगळ्या पोस्ट एका फटक्यात 'फक्त मित्रांना' करता येतात. दुकानाच्या पानाला ती मुभा नाही, पान म्हणजे चव्हाटाच. एकेक काढायचं. मधे काही जणांना फोनही केले, की तुमची काढतोय. त्यातल्या निम्म्यांनी मलाच झापलं. "काढताय कशाला? राहू द्या की, भाऊचं नाव दिसतं चार लोकांना." ज्यांचे वाढदिवसाचे फ्लेक्स होते, गॉगल आणि मागे वाघ, त्यांना तर मी पान बंद करून गावाशी गद्दारी करतोय असंच वाटलं. एकाने विचारलं, "कोणी दबाव आणला का?"

आणि जे माझ्या हातात नव्हतं ते राहिलंच. 'मराठी लग्नपत्रिका नमुना' असं शोधलं की फुकट डिझाईनच्या दोन संकेतस्थळांवर आमच्याच पत्रिका, खऱ्या नवरा-नवरींच्या नावांसकट. कोणीतरी पानावरून उचलून तिकडे टाकलेल्या. दोघांच्याही तक्रार अधिकाऱ्यांना ईमेल केली. २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे तेव्हा तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यायची होती आणि पंधरा दिवसांत ती निकाली काढायची होती. एकाने सहाव्या दिवशी काढलं. दुसऱ्याचा पत्ताच परत आला, तसा ईमेल अस्तित्वातच नाही म्हणून. तिथे आमच्या चार पत्रिका आजही आहेत.

पान आवरलं तरी दुकानातला संगणक होता. ते प्रकरण मला सगळ्यात जास्त झोंबलं, कारण तिथे चोर-बिर कोणी नाही, आमचाच गबाळेपणा. नावाचं स्पेलिंग चुकू नये म्हणून लोक आधार कार्डाचा फोटो पाठवतात. आम्हीच मागतो. 'आधार टाका, त्यावरून घेतो.' डाउनलोडच्या फोल्डरमध्ये किती आधार कार्डं असावीत? पोराने मोजली, २१२. काहींची दोन्ही बाजूंनी. दहावीची सर्टिफिकेटं, एका मुलाचं पासबुकाचं पहिलं पान. तो संगणक दिवसभर उघडा असतो, शेजारचा झेरॉक्सवाला पेनड्राईव्ह लावून जातो. सगळं पुसलं, रिसायकल बिन रिकामी केली. आता आधार मागत नाही. कागदावर मोठ्या अक्षरात नावं लिहून त्याचा फोटो पाठवा म्हणतो. फारच हट्ट असेल तर मास्क्ड आधार, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. ते आधारच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं, पण गावाकडे अजून कोणाला ठाऊक नाही. आठपैकी सात जण विचारतात, "हे असलं चालतं का?"

कायद्याचंही जरा वाचलं, समजेल तेवढं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही ११ ऑगस्ट २०२३ला झाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि धंदेवाल्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार आहेत. मला त्यातलं एक कलम मजेशीर वाटलं. माणसाने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागू नाही, आणि स्वतःची माहिती स्वतःच चव्हाट्यावर मांडली असेल तर त्यालाही नाही. म्हणजे गुरुजींनी पत्रिका भावकीच्या ग्रुपवर टाकली तर ते घरगुती. मी तीच धंद्याच्या जाहिरातीला लावली तर ते घरगुती कसं होईल? गुरुजींनी हे कलम वाचलेलं नव्हतं. 'मी पाठवली, ही तुम्ही लावलीत' हे त्यांनी बाकड्याजवळ उभ्या उभ्या सांगितलं होतं.

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला तर आईबापांची, पडताळून बघता येईल अशी संमती लागणार आहे. आमच्या पानावर पहिल्या वाढदिवसाची शंभराच्या वर कार्डं होती. बाळाचा फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख. ती बाळं आता शाळेत जातात.

तर आता आमच्या पानावर फक्त खोटी लग्नं लागतात. वराचं नाव 'चि. वरदेव', वधू 'चि. सौ. कां. वधूराणी', मुक्काम पोस्ट नमुनेवाडी, मामा 'श्री. मामासाहेब'. धंद्यावर परिणाम झाला, नाही कशाला म्हणू? लोक पानावर डिझाईन बघायला येत नव्हतेच, ओळखीची नावं बघायला येत होते. पान थंड पडलं. दुकानातला अल्बम तसाच आहे, तो काढायला मन झालं नाही. मोराचं पान तेवढं त्यातून सोडवलं.

ऑर्डरच्या पावतीवर एक ओळ वाढवली: 'ही पत्रिका नमुना म्हणून दाखवण्यास परवानगी आहे / नाही'. बहुतेक लोक न वाचता सही करतात. मग मी वाचून दाखवतो. त्यावर "तुम्हीच ठरवा की" असं म्हणतात. मी 'नाही'वर खूण करतो.

मोबाईल नंबर कमी छापा, दोनच घ्या, असंही प्रत्येकाला सांगतो. ते मात्र कोणी ऐकत नाही. लग्नपत्रिकेवर नंबर असणं हा मान आहे. नाव सगळ्यांचंच असतं, नंबर चार जणांचाच. 'निमंत्रक' म्हणून नाव आहे पण नंबर नाही, म्हणजे घरात किंमत नाही. यावरून एका चुलत्याने प्रूफ फाडल्याचं मी डोळ्यांनी बघितलंय.

यंदा तुळशीचं लग्न झालं आणि गुरुजी पुन्हा आले. धाकट्या मुलीचं जमलं होतं. मी बाकडं पुसलं, चहा सांगितला, या खेपेला त्यांनी घेतला. मजकूर त्यांनी सुवाच्य अक्षरात घरूनच लिहून आणला होता, एकही चूक नाही. पावतीवरची ओळ त्यांनी स्वतः वाचली, चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं, आणि 'नाही'भोवती लाल पेनाने गोल केला. लाल पेन खिशात असतंच त्यांच्या.

मजकुरात मोबाईल नंबर फक्त दोन, त्यांचा आणि मुलाचा. मी मनात म्हटलं, चला, एक तरी पत्रिका.

संध्याकाळी प्रूफ पाठवलं. तासाभरात मोठ्या मामांचा मला फोन. माझा नंबर त्यांना पत्रिकेवरूनच मिळाला असणार, तळाशी प्रेसचं नाव छापतो आम्ही.

"प्रूफ बघितलं. माझ्या नावापुढे नंबर नाही."

मी म्हणालो, "मामा, गेल्या वेळी त्या नंबरावरूनच..."

"ते झालं गेलं. साडेआठ हजार मिळाले पण परत. आता नंबर नसेल तर चार लोक म्हणतील मामा रुसलेत. गुरुजींना मी सांगतो. तुम्ही घ्या, आणि जरा ठळक घ्या."

गुरुजींना विचारलं. ते फोनवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घ्या."

बोल्डमध्ये घेतला. प्रूफ दुसऱ्यांदा पाठवलं, ते दोन्हीकडून ओके आलं.